दंतवैद्याचा सीडी प्लेअर

४, मंगळवार

चौथा स्क्रू फिरेना. त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि चहा होईपर्यंत थांबलो. चहानंतर फिरला.

झाकणाखाली चाळीस वर्षांची धूळ, तीही थरानं बसलेली. दंतवैद्य प्लेअर ठेवून जाताना म्हणाला, "वडिलांचा आहे, जपून." हे त्याने तीनदा सांगितलं. वस्तू वडिलांची असली की लोक तिच्यातल्या धुळीलाही वारसा समजतात. ब्रशने झाडली.

दंतवैद्याकडे दर रविवारी चार जण ऐकायला बसतात. तो, एक वकील, गाणं शिकवणाऱ्या एक बाई आणि एक कोणीतरी जो फक्त मान हलवतो. चौघांकडे असेच जुने प्लेअर आहेत. सोळा तारखेला हा तिथे वाजायचा आहे. चांगला वाजला तर बाकीचे तीन माझ्या बाकावर येतील आणि मला उरलेल्या आयुष्याचं काम मिळेल. नाही वाजला तर मी निवृत्तीनंतर लोकांच्या वस्तू उघडत बसणारा एक म्हातारा. असे प्रत्येक गल्लीत दोन असतात.

काय करायचं ते ठरलेलं आहे. आवाज बाहेर सोडणाऱ्या टोकाचे मूळचे आयसी, म्हणजे त्या काळ्या चिपा, मंद आहेत, ते काढून नवे वेगवान बसवायचे. आतल्या घड्याळाचा, म्हणजे ज्याच्या ठेक्यावर सगळं चालतं त्याचा, नवा बोर्ड लावायचा आणि त्याला विजेचा वेगळा छोटा सप्लाय द्यायचा. सुकलेले कपॅसिटर बदलायचे. कंपनीच्या इंजिनिअरांनी तेव्हा हे का केलं नाही? पगारी माणसं. पाच वाजले की घरी.

मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, मोजायला काही आहे का तुमच्याकडे?" मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी तपासल्या. हेडफोन लावून नुसत्या खरखरीवरून सांगायचो, केबलमध्ये पाणी कुठल्या खांबापाशी शिरलंय. मीटरवाले दोन तासांनी यायचे आणि मी सांगितलेलंच लिहून न्यायचे. माझ्याकडे मोजायला काय आहे ते एक्स्चेंजमध्ये विचार म्हणावं.

६, गुरुवार

नवे आयसी बसले. घड्याळ बसलं. सीडी आत घातली. फिरली, थांबली, पडद्यावर आलं की सीडी नाही. पुन्हा घातली. पुन्हा नाही. सीडी आत फिरताना मला दिसतेय आणि यंत्र म्हणतंय नाही. अशी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत.

तीन तास गेले. लेन्स पुसली. शेवटी सापडलं: लेन्सकडे जाणारी चपटी पट्टी, कागदासारखी, एका कोपऱ्यात चिरलेली. बोर्ड उचलताना माझ्याच हाताने चिरली असणार. पण इतकी अरुंद जागा ठेवली कोणी? चिरलेला भाग कापून टाकला, पट्टी सरकवून बसवली. सीडी वाचली.

बायकोला हाक मारून दाखवलं. "छान," ती म्हणाली आणि गेली. तेहतीस वर्षं मी घरी येऊन सांगायचो आज कुठली लाइन जोडली, तेव्हाही हेच.

७, शुक्रवार

मेव्हणा येऊन गेला. त्याचं दुकान म्हणजे मिक्सरांचं अनाथालय. ठेवून गेलेलं कोणी परत न्यायला येत नाही. मान पुढे काढून प्लेअरच्या आत बघत होता.

"हा सप्लाय कुठला लावलात?"

"घड्याळासाठी. वेगळा. म्हणजे स्वच्छ."

"मोबाइलच्या चार्जरमधला दिसतोय."

"चार्जरमधला असला म्हणून काय झालं?"

"काही नाही. एकदा स्कोपच्या पडद्यावर बघून घ्या. दुकानात आणा, पाच मिनिटांचं काम."

"पडद्यावर रेघ बघून सूर कळत असते तर गाणं चित्रकारांनी शिकवलं असतं."

तो हसला. मग म्हणाला, "टेलिफोनात साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचा आवाज येतच नाही, दाजी. कंपनीच कापते. बोलणं कळण्यापुरतं ठेवते. तुमचा कान तेवढ्यातला."

आणि बायको, स्वतःच्या भावाला बिस्किटांची बशी पुढे करत: "तू गप रे." ते "गप" माझ्या बाजूने होतं की त्याच्या, कळलं नाही. हल्ली ती पुटपुटते. म्हटलं, स्पष्ट बोलत जा. तर इतक्या मोठ्यानं बोलली की मेव्हणा दचकला.

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, तसा हा आणि त्याचा सेकंडहँड स्कोप.

९, रविवार

दिवसभर ऐकलं. नाराज आहे.

तपासायला मी एकच सीडी वापरतो. तिच्या तिसऱ्या तुकड्यात, सुरुवातीपासून मिनिटभराने, झांज वाजते. एकदाच. तरुणपणी हेच रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या घरी ऐकलं होतं. झांज वाजल्यावर तिची किनार बराच वेळ हवेत राहायची, बारीक, चांदीसारखी, आणि आपण श्वास घ्यायला विसरायचो. आता नुसतं "थप्". कोणी उशीवर ताटली टाकल्यासारखं.

म्हणजे नवे आयसी पुरेसे नाहीत. बाहेर पडण्याआधी वाटेत दोन छोटे कपॅसिटर आहेत, वरचे सूर तेच गिळत असणार. फिल्टर म्हणतात त्याला. भित्र्या लोकांनी बसवलेला. उद्या काढतो.

१०, सोमवार

काढले. थोडा फरक. अजून थोडा हवा.

१२, बुधवार

डाव्या बाजूने गुणगुण येऊ लागली. खालचा आवाज, जाड, रिकाम्या पिंपात भुंगा अडकल्यासारखा. कान प्लेअरला न लावता, खोलीच्या दारातून सांगितलं: अर्थिंगच्या वायरचं सोल्डर सुटलंय. उघडलं. सुटलं होतं. मेव्हण्याला स्कोप जोडायला जितका वेळ लागला असता तितक्यात डाग देऊन झाकण बसवून मोकळा.

बायको दारात उभी होती. "गेली गुणगुण," ती म्हणाली. "आणि ती बारीक शिट्टी?"

"कुठली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काही नाही. कुकरची असेल." गॅसवर कुकर नव्हता.

तिच्या कानांचं काय झालंय कोण जाणे. टीव्ही अगदी हळू लावते, मला येऊन वाढवावा लागतो. धुण्याच्या मशीनचं बझर बिघडलेलं आहे, कपडे झाले तरी वाजत नाही, आणि हिला पत्ता नाही. वाजत नाही तरी कपडे काढायला कशी वेळेवर पोचते, देव जाणे. म्हटलं, रविवारनंतर मशीन उघडतो. तर म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही." एवढ्या ठामपणे ती आमच्या लग्नाच्या वेळीही बोलली नव्हती.

१३, गुरुवार

जमलं. फिल्टरच्या जागी स्वतः हिशेब करून दोन भाग बसवले, वरचे सूर उचलणारे. तिसऱ्यांदा बदलले तेव्हा झांज आली. पूर्वीची नाही, पण तिच्या नात्यातली. किनार दिसते. मी खुर्चीत बसून सहा वेळा ऐकली.

खिडकी उघडी होती. समोरच्या झाडावर पूर्वी पाखरांचा किती गलका असायचा. आता चिडीचूप. या शहरात पाखरंही राहिली नाहीत, ऐकणारेही.

बायको शेजारणीकडे जाऊन बसली होती. प्लेअर बंद केल्यावर आली. योगायोग.

१६, रविवार

लिहायची इच्छा नव्हती. लिहितो.

दंतवैद्याची बैठकीची खोली मोठी, जाड पडदे, सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला. त्याच्या दवाखान्यातही असंच असणार, सगळ्यांची तोंडं उघडी आणि वर. मी प्लेअर जोडला. दोन वाक्यांत काय केलं ते सांगितलं. मान हलवणाऱ्याने मान हलवली. सीडी सुरू केली.

वकिलाने आधी कपाळ चोळलं. मग बाईंनी एक बोट कानात घातलं आणि काढलं, परत घातलं. गाणं शिकवणाऱ्या बाईने असं बोट घालावं? झांज यायच्या आत दंतवैद्य उठला आणि त्याने आवाज कमी केला.

"शिट्टी येतेय," तो म्हणाला.

"कुठे?"

"सगळीकडे. गाण्याच्या मागे. सतत."

"तुम्ही दिवसभर ड्रिल ऐकता. तुम्हाला शिट्टी घरी, रस्त्यात, झोपेतसुद्धा ऐकू येणार."

तो हसला नाही. वकील म्हणाला, "मलाही येते. आणि आवाज टोचतोय. काचेवर नख ओढल्यासारखा."

"तुम्हाला मऊ ऐकायची सवय आहे. चाळीस वर्षं गोधडीतून ऐकलंत. गोधडी काढली की थंडी वाजणारच."

मग बाई. त्या साठीच्या असतील, आवाज खालचा, शांत. "माझ्या विद्यार्थिनींत एखादी बेसूर गाते, तेव्हा आधी मी तिला विचारते की तुला ऐकू येतंय का. तुम्हाला विचारते. राग नको. तुम्हाला ही शिट्टी खरंच ऐकू येत नाही?"

असा अपमान एक्स्चेंजमध्ये माझ्या साहेबानेही केला नव्हता, आणि त्याला तर अपमानाचाच पगार होता. मी म्हणालो, "बाई, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या चुका ऐकल्यात. आता चूक नसेल तिथेही ऐकू येते. हा व्यवसायाचा रोग आहे."

मान हलवणारा सुद्धा स्थिर.

दंतवैद्य मला दारापर्यंत सोडायला आला. प्लेअर त्याने स्वतः उचलून आणला होता, लहान मूल आणावं तसा. माझ्या हातात देताना म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी न्यायला येतो. चांगला नको. होता तसा द्या. नसेल जमत तर तसं सांगा, मी दुसऱ्याला दाखवतो. बाबा रोज सकाळी यावर ऐकायचे."

बाकीच्या तीन प्लेअरचा विषय निघाला नाही. तो आता निघणार नाही हे मला कळतं. मी मूर्ख नाही.

१७, सोमवार

सकाळी आठपासून ऐकतोय. हेडफोन लावून, हेडफोन काढून, सीडी थांबवून, सीडी चालू ठेवून. शिट्टी नाही. थोडी खरखर, तीही मी मुद्दाम शोधली म्हणून.

दोष दंतवैद्याच्या खोलीत आहे. त्याचा दवाखाना खालच्याच मजल्यावर, तिथल्या यंत्रांची वीज वरच्या वायरींत शिरत असणार. वकिलाने त्याची री ओढली. बाईंनी दोघांची. मान हलवणाऱ्याला मतच नाही. एकाने विहिरीत उडी मारली की बाकीचे खोली विचारत नाहीत.

हे दंतवैद्याला पत्राने कळवावं असं वाटलं. अर्धं लिहिलं. फाडलं. पत्रात "होता तसा" या शब्दांना काही उत्तर सापडेना. जुने आयसी मी काढताना तोडले आहेत.

१८, मंगळवार

विज्ञानाने प्रश्न सोडवायचं ठरवलं.

बायको कपड्यांच्या घड्या करत बसली होती, माझ्याकडे पाठ. तिला सांगितलं, मी प्लेअर चालू-बंद करीन, सीडी न लावता. तुला शिट्टी आली तर "आहे" म्हण, नाही तर "नाही".

"कशाला हो?"

"सांगतो तेवढं कर."

दहा वेळा केलं. मधे दोनदा फसवायला चालूच ठेवला. ती घड्या करत करत सांगत गेली. आहे. नाही. आहे. आहे. नाही. टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा. दहाच्या दहा बरोबर.

दहापैकी दहा हे संशयास्पद आहे. बटणाची खटखट तिला ऐकू येत असणार. मग बटणावर रुमाल धरून केलं. पुन्हा दहा.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. वळली नाही. "डोकं दुखायला लागलं माझं."

"शिट्टी आहे कशी? वर्णन कर."

तिने अभ्रा बाजूला ठेवला. "जुन्या टीव्हीची यायची ना, सुरू केल्या केल्या, आवाज यायच्या आधी? तशी. तुम्हाला ती फार आवडायची. शेजारच्यांनी टीव्ही लावला की तुम्ही भिंतीपलीकडून सांगायचा, लावला म्हणून. लग्न झालं तेव्हा."

हे मला आठवत होतं. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हणालो की आठवणीवर दुरुस्ती होत नसते.

१९, बुधवार

प्लेअर पिशवीत घालून मेव्हण्याच्या दुकानात गेलो. बाहेर गेलो होतो असं बायकोला सांगितलं असतं, पण तिने विचारलं नाही.

दुकानात उभं राहायला जागा नाही. एका मिक्सरवर दुसरा मिक्सर, त्यावर पंख्याची पाती, त्यावर त्याचा डबा. त्याने डबा उचलून प्लेअरला जागा केली. स्कोप जोडला. मी म्हणालो, "माझी खात्री आहे, फक्त त्या लोकांच्या तोंडावर मारायला हवंय."

"हो, हो," तो म्हणाला.

पडद्यावर रेघ नव्हती. लाट होती. एकसारखी, ठाशीव, करवतीच्या दातांसारखी. सीडी लावलेली नव्हती. त्याने आकडा वाचला: "तेरा हजार हर्ट्झ. थोडं जास्तच."

"तुझ्या स्कोपचीच असेल."

त्याने वायर प्लेअरमधून काढली. लाट गेली, सरळ रेघ झाली. जोडली, आली. तसं त्याने दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा केलं नाही.

"स्पीकर लाव," मी म्हणालो.

"लावलाय, दाजी. मघापासून."

दुकानात रस्त्यावरची वर्दळ ऐकू येत होती. शेजारी कोणीतरी लोखंडी पत्रा कापत होतं. टेबलावरच्या स्पीकरकडे मी वाकलो. जवळ गेलो. कापड कानाला लागलं. स्पीकर मुका होता.

मेव्हण्याने खालच्या फळीवरून एक खोकं काढलं. एकच सूर काढणारं असतं, बटण फिरवलं की सूर वर चढत जातो. हेडफोन माझ्या हातात दिला. काय करायचं ते सांगितलं नाही. मला माहीतच होतं. एक्स्चेंजमध्ये नवीन पोरांना घेताना मी हेच करायचो. पहिलं पोर ऐकू आलं नाही म्हणालं तेव्हा मी त्याला गोदामात पाठवलं होतं.

सूर हजारावर होता. स्पष्ट. दोन हजार. तीन. चांगला टोकदार होता, मी मान डोलावली. चार. मग बारीक होत गेला. पाचच्या पुढे लांब गेला, शेतापलीकडे कोणी बोलावं तसा.

"बंद केलास का?" मी विचारलं.

"नाही."

"आता?"

"चालू आहे, दाजी."

बटण अजून फिरत होतं. त्याचा हात मला दिसत होता.

त्याने विनोद केला नाही. लग्नापासून माझ्यावर विनोद करायची एकही संधी या माणसाने सोडलेली नाही, आणि आज सोडली. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता. हेडफोन काढून ठेवला तेव्हा तो वळून मिक्सरचं भांडं पुसू लागला. भांडं स्वच्छ होतं.

"एक्स्चेंजच्या जनरेटरच्या खोलीत, त्या धडधडीत, किती वर्षं होतात?" त्याने भांड्यालाच विचारलं.

"अकरा."

"हं."

मग म्हणाला, "स्कोप घेऊन जा घरी. लाट कुठून येते ते बघत बघत सापडेल. माझं दोन दिवस काही अडत नाही."

"नको."

"दाजी—"

"नको म्हटलं ना."

पिशवी घेऊन आलो. त्याच्याकडून स्कोप घेणार? उद्या तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक मिक्सरला सांगेल.

घरी बायको मशीनमधून कपडे काढत होती. मी दारात उभा राहिलो.

"याचं बझर वाजतं?"

ती वाकलेलीच थांबली. "वाजतं."

"कधीपासून?"

"कधी बिघडलंच नव्हतं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मशीन उघडलं असतं." तिने बादली उचलली. "चार वर्षं झाली. आधी दाराची बेल बदलून घेतली, जाड आवाजाची. ती तुम्हाला येते."

बेल तिने बदलून घेतली होती, जुनी जळाली म्हणून. असं मला वाटत होतं.

मी म्हणालो, "गाणं शिकवणाऱ्या बाईंना मी फार वाईट बोललो."

"मला कुठे माहीत, काय बोललात."

सांगितलं. ती ऐकत होती. कपड्यांचं पाणी बादलीत गळत होतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "वाईटच बोललात." आणि वाळत घालायला गेली.

ती परत आल्यावर विचारलं, उद्या सकाळी तासभर वेळ आहे का. दंतवैद्य संध्याकाळी येणार. जुने आयसी तुटलेत, त्यामुळे होता तसा होणार नाही. पण त्याच्या खोलीत कोणी कानात बोट घालणार नाही, एवढं करता येईल. मला एकट्याला नाही करता येणार.

हे शेवटचं वाक्य मी हळू म्हणालो. तिला ऐकू गेलं.

२०, गुरुवार

सकाळी ती खुर्ची घेऊन बाकापाशी बसली. शिट्टी असेपर्यंत हात वर ठेव म्हटलं. मी एकेक वायर काढत गेलो. पहिल्या तिन्ही काढल्या तरी हात वरच होता. चौथी, घड्याळाच्या छोट्या सप्लायची, त्या चार्जरमधल्या. तिने हात खाली घेतला. खात्रीसाठी ती पुन्हा जोडली. हात वर गेला.